इशारे आले होते

२४ सप्टेंबर १९७७ च्या रात्री अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठावरच्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडा राहिला. दाब वाढला की आपोआप उघडायचे आणि उतरला की आपोआप मिटायचे, एवढेच त्याचे काम. तो उघडला, पण मिटला नाही. अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी त्या वाटेने बाहेर पडू लागले. कंट्रोल रूममधल्या माणसांना मात्र दाबनियामक टाकीतली पातळी वर चढताना दिसत होती. पाणी जास्त झाले असे समजून त्यांनी आपोआप सुरू झालेले आपत्कालीन पंप हाताने बंद केले. वीसेक मिनिटांनी एकाच्या ध्यानात खरा प्रकार आला. त्याने त्याच नळावरचा दुसरा व्हॉल्व्ह मिटवला आणि गळती थांबली. केंद्र नवे होते, भट्टी पूर्ण क्षमतेच्या अवघ्या ९ टक्क्यांवर चालली होती, म्हणून निभावले.

ही भट्टी बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीने बनवलेली होती. त्या कंपनीचे अभियंते जोसेफ केली या घटनेची माहिती घ्यायला गेले होते. ऑपरेटरांनी पाणी तोडले, ही गोष्ट त्यांना गंभीर वाटली. अशा वेळी पंप केव्हा बंद करायचे आणि केव्हा नाही, हे या जातीच्या सगळ्या केंद्रांना स्पष्ट कळवावे, अशी चिठ्ठी त्यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये कार्यालयात फिरवली. काही हालचाल दिसेना, तेव्हा त्यांचे वरिष्ठ सहकारी बर्ट डन यांनी ९ फेब्रुवारी १९७८ ला स्वतः लिहिले, आणि कडक शब्दांत लिहिले. हाच प्रकार भट्टी पूर्ण क्षमतेवर असताना घडला असता तर गाभा उघडा पडून इंधनाचे नुकसान होण्याची शक्यता होती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पत्र एका विभागातून दुसऱ्या विभागात गेले. ग्राहकांना सूचना पाठवणाऱ्या विभागाला शंका आली, की डन म्हणतात तसे पंप चालू ठेवले तर सगळी यंत्रणा पाण्याने ठासून भरेल, आणि त्याचा दुसराच धोका उभा राहील. ऑगस्ट १९७८ मध्ये त्या विभागाने ही शंका लेखी विचारली. कंपनीच्या आत तिचे उत्तर मिळायला महिनोन् महिने लागले, आणि तोवर केंद्रांना काहीच कळवले गेले नाही. अमेरिकी अणुनियामक आयोगाचे एक निरीक्षक, जेम्स क्रेसवेल, यांनाही डेव्हिस-बेसीचा प्रकार स्वस्थ बसू देत नव्हता. खालच्या पातळीवर कोणी दाद देईना, म्हणून ते थेट आयोगाच्या दोन सदस्यांना जाऊन भेटले. ती भेट झाली २२ मार्च १९७९ ला. त्यानंतर सहाच दिवसांनी थ्री माइल आयलंडचा अपघात झाला.

अणुअपघातांचा इतिहास सहसा स्फोटाच्या क्षणापासून सांगितला जातो. मला तो तिथून सुरू करावासा वाटत नाही. गेल्या अर्धशतकातले मोठे अपघात एकामागून एक वाचत गेले की प्रत्येकाच्या पाठीमागे एक लहान अपघात दिसतो. तसाच, दुसऱ्या गावातला, थोडक्यात निभावलेला. त्याची नोंद झालेली असते, कोणीतरी पोटतिडकीने लिहिलेले असते आणि ते लिहिलेले ज्याच्या हाती पडायला हवे त्याच्या हाती पडलेले नसते. अणुवीज सुरक्षित आहे की नाही, या वादाचा निकाल माझ्या मते इथे लागतो. काँक्रीटची जाडी महत्त्वाची आहेच, पण वाईट बातमी किती वेगाने आणि किती दूर जाते हे तिच्याइतकेच महत्त्वाचे आहे.

थ्री माइल आयलंड हे पेनसिल्व्हेनियात, राजधानी हॅरिसबर्गपासून जवळ, सस्क्वेहॅना नदीतले बेट. तिथली दुसऱ्या क्रमांकाची, बॅबकॉक अँड विलकॉक्सचीच भट्टी व्यापारी तत्त्वावर सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. २८ मार्च १९७९, बुधवार, पहाटेचे चार. तळघरात काही कामगार पाणी शुद्ध करणाऱ्या टाकीतला चोंदा काढत होते. रात्रभर तेच काम चालले होते. त्या खटाटोपात थोडे पाणी यंत्रांना हवा पुरवणाऱ्या नळीत शिरले आणि स्टीम जनरेटरला पाणी देणारे मुख्य पंप थांबले. टर्बाइन थांबले. काही सेकंदांत भट्टीही आपोआप बंद झाली. इथवर सगळे नियमाप्रमाणे झाले.

पण अणुभट्टी बंद करणे म्हणजे शेगडीचा गॅस बंद करणे नव्हे. साखळी अभिक्रिया थांबली तरी इंधनातली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद झाल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. टक्केवारी लहान दिसली तरी हजारो मेगावॉट उष्णता निर्माण करणाऱ्या भट्टीत ती शेकडो मेगावॉटच्या घरात जाते. पुढे ती उतरत जाते, पण दिवसच्या दिवस पाणी फिरवत ठेवावेच लागते. या एका गोष्टीभोवती सगळे मोठे अपघात फिरतात. अपवाद चेर्नोबिलचा, तिथे भट्टी बंद व्हायच्या आधीच उसळली.

त्या पहाटे राखीव पंप सुरू झाले, पण त्यांचे पाणी पुढे गेलेच नाही. दोन दिवसांपूर्वीच्या एका चाचणीनंतर त्या वाटेवरचे दोन व्हॉल्व्ह बंदच राहून गेले होते. ते बंद असल्याचे दाखवणारे दिवे पटलावर लागलेले होते. त्यांतला एक दुरुस्तीच्या पिवळ्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. आठ मिनिटांनी ते कोणाच्या तरी लक्षात आले. दरम्यान दाब वाढला आणि दाबनियामक टाकीवरचा व्हॉल्व्ह उघडला. डेव्हिस-बेसीत उघडा राहिला होता, त्याच कामाचा व्हॉल्व्ह. आणि तिथल्यासारखाच, तो पुन्हा मिटला नाही.

कंट्रोल रूममध्ये त्या व्हॉल्व्हसाठी एक दिवा होता. वर्षभरापूर्वी याच केंद्रात तो व्हॉल्व्ह एकदा उघडा राहिल्यावर बसवलेला. तो विझला, म्हणून माणसांनी समजून घेतले की व्हॉल्व्ह मिटला. वास्तविक दिव्याची जोडणी व्हॉल्व्हला नव्हतीच. मिटण्याचा विद्युत हुकूम सुटला की दिवा विझायचा, हुकूम पाळला गेला की नाही हे तो सांगतच नव्हता. व्हॉल्व्हपुढच्या नळाचे तापमान चढलेले होते, पण तो नळ कित्येक दिवस थोडाथोडा गळतच असल्याने चढलेल्या तापमानाची सगळ्यांना सवय झाली होती. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम वाजू लागल्या आणि नोंदी छापणारा संगणकाचा प्रिंटर मागे पडत पडत तासाहून जास्त मागे पडला. विल्यम झेवे या पाळीप्रमुखाच्या हाताखाली तिथे असलेले लोक अनाडी नव्हते. नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर तयार झालेले होते. दाबनियामक टाकी पाण्याने ठासून भरू द्यायची नाही, हे त्यांच्या अंगात भिनवलेले होते. टाकी भरताना दिसली. सुमारे साडेचार मिनिटांनी त्यांनी आपत्कालीन पाणी जवळजवळ तोडले.

ओहायोतल्या माणसांनी केलेली तीच चूक, त्याच क्रमाने, त्याच कारणासाठी. फरक एवढाच की इथे भट्टी ९७ टक्क्यांवर चालत होती आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला दोन तास बावीस मिनिटे. सकाळी पाळी बदलताना आलेल्या माणसाने ताज्या नजरेने आकडे पाहिले आणि दुसरा व्हॉल्व्ह मिटवला. तोवर गाभ्याचा वरचा भाग उघडा पडला होता.

पुढचे पाच दिवस पेनसिल्व्हेनियाने जे भोगले त्यात किरणोत्सर्गापेक्षा गोंधळाचा भाग मोठा होता. शुक्रवारी हेलिकॉप्टरमधून चिमणीवर घेतलेले एक मोजमाप वॉशिंग्टनपर्यंत पोहोचता पोहोचता भलत्याच अर्थाचे झाले. गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांनी घर सोडावे असे सांगितले. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ४० हजार माणसे निघून गेली. भट्टीत हायड्रोजनचा बुडबुडा साचला आहे, तो फुटेल, अशी धास्ती पसरली. स्फोटाला लागणारा ऑक्सिजन आत नव्हता, पण हे नीट हिशेब मांडून सांगायला नियामक आयोगाच्या तज्ज्ञांना रविवार उजाडला. त्या रविवारी, १ एप्रिलला, अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः केंद्रात आले. त्यांना हे जग अपरिचित नव्हते. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर येथील भट्टीला अपघात झाला, तेव्हा नौदलातले तरुण अधिकारी म्हणून ते साफसफाईच्या तुकडीत उतरले होते. किरणोत्सर्गामुळे एकेकाला आत जेमतेम दीड मिनिट काम करायची परवानगी होती.

थ्री माइल आयलंडमध्ये कोणी दगावले नाही. आसपासच्या लोकांना मिळालेली किरणोत्सर्गाची सरासरी मात्रा छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी भरली. भोवतालच्या काँक्रीटच्या कवचाने आपले काम चोख केले. हे मोकळेपणाने मान्य करायला हवे, कारण अणुविजेचे विरोधक ते मान्य करत नाहीत. समर्थक जे सांगायचे टाळतात तेही तितकेच खरे आहे. १९८२ च्या जुलैत भट्टीत कॅमेरा सोडला तेव्हा जिथे इंधनाच्या सळया उभ्या असायला हव्यात तिथे पाच फूट पोकळी आणि तळाशी भंगार दिसले. जवळजवळ अर्धा गाभा वितळला होता आणि त्यातला काही टन ऐवज पात्राच्या बुडाशी जाऊन बसला होता. आत काय झाले आहे हे यंत्र चालवणाऱ्यांना, बनवणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना तीन वर्षे कळलेले नव्हते. साफसफाईला १४ वर्षे आणि सुमारे एक अब्ज डॉलर लागले.

कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. मूळचे हंगेरियन, गणिती, डार्टमथ कॉलेजचे प्रमुख, बेसिक या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. अणुक्षेत्राबाहेरचा माणूस अध्यक्षपदी बसवला हे फार बरे झाले. केली आणि डन यांची पत्रे, त्यांचा प्रवास, कुठल्या टेबलावर किती दिवस थांबली, हे सगळे आयोगाने उघड साक्षींमधून बाहेर काढले. ऑक्टोबर १९७९ च्या अहवालात त्यांनी यंत्रांपेक्षा माणसांवर आणि संस्थांच्या मनोवृत्तीवर बोट ठेवले. भट्ट्या पुरेशा सुरक्षित आहेत ही समजूत इतकी पक्की झाली होती की तिच्या आड येणारी बातमी कोणाला ऐकूच येत नव्हती. त्या वर्षअखेर अमेरिकी वीज कंपन्यांनी अटलांटात एक संस्था काढली. एका केंद्रात काही बिनसले की ते बाकीच्या सगळ्यांना कळवायचे, आणि कळलेले अमलात आले की नाही हे एकमेकांच्या केंद्रात जाऊन तपासायचे, हे तिचे मुख्य काम. पहिले प्रमुख होते ॲडमिरल यूजीन विल्किन्सन, ‘नॉटिलस’ या पहिल्या अणुपाणबुडीचे पहिले कप्तान.

सोव्हिएत संघात अशी संस्था निघणे शक्यच नव्हते. तिथे अपघात होतच नव्हते, म्हणजे जाहीर होतच नव्हते. नोव्हेंबर १९७५ मध्ये लेनिनग्राडजवळच्या केंद्रात आरबीएमके जातीच्या पहिल्या भट्टीत एका नलिकेतले इंधन वितळले आणि किरणोत्सर्ग बाहेर पडला. कमी शक्तीवर ही भट्टी लहरी होते, तिला आवर घालणे कठीण जाते, हे तेव्हाच दिसले होते. १९८३ च्या अखेरीस लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्राची याच जातीची भट्टी सुरू करताना त्याहून भयंकर गोष्ट आढळली. नियंत्रक कांड्यांच्या खालच्या टोकाला ग्रॅफाइटचा भाग होता. कांडी पूर्ण वर काढलेली असेल तर ती आत शिरताना हा ग्रॅफाइट आधी तळातल्या पाण्याला बाजूला सारत असे. पाणी न्यूट्रॉन शोषते, ग्रॅफाइट अभिक्रियेला साथ देतो. म्हणजे भट्टी थांबवायचे बटण दाबले की पहिली काही सेकंदे तळाशी तिची शक्ती वाढायची. शास्त्रज्ञांनी ते लिहून कळवले. संरचना बदलायचे ठरले, पण बदल झाला नाही. तशी परिस्थिती प्रत्यक्षात येणारच नाही, अशी समजूत करून घेतली गेली. चेर्नोबिलच्या भट्ट्याही याच जातीच्या होत्या. तिथल्या ऑपरेटरांच्या हातात जी नियमपुस्तिका होती तीत या धोक्याचा इशारा नव्हता.

२६ एप्रिल १९८६ ला मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीत नेमकी तशीच परिस्थिती होती. टर्बाइनच्या एका चाचणीसाठी शक्ती खाली आणली होती, ती ठरल्यापेक्षा फारच खाली गेली होती आणि ती सावरायला जवळजवळ सगळ्या कांड्या वर ओढून काढल्या होत्या. नियम मोडले गेले यात शंका नाही. चाचणी उरकली, बटण दाबले आणि सुरक्षेसाठी असलेल्या त्या बटणाने भट्टी उसळली. पटलावर बसलेला लिओनिद तोप्तुनोव पंचविशीतला तरुण होता. काही आठवड्यांत तो गेला, त्याच्यासारखेच तीव्र किरणबाधेने आणखी २७ जण गेले. शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या जवळपास पन्नास हजार लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी हलवले नाही. जगाला बातमी मिळाली ती स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रातल्या यंत्रांनी त्यांच्याच आवारात किरणोत्सर्ग टिपला तेव्हा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत सोव्हिएत शिष्टमंडळाने बराचसा दोष ऑपरेटरांच्या माथी मारला आणि जगाने तो मान्य केला. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञगटाने नवा अहवाल काढून ते मत बदलले. लेनिनग्राड आणि इग्नालिना यांची हकीकत त्यात आहे. मेलेल्या माणसांच्या बाजूने सत्य यायला सहा वर्षे लागली. चेर्नोबिलचा एक चांगला परिणाम झाला. मे १९८९ मध्ये, खुद्द मॉस्कोत, जगभरच्या अणुवीज केंद्रांनी एकत्र येऊन अटलांटातल्या संस्थेच्या धर्तीवर जागतिक संघटना स्थापन केली. भारतही तीत आला.

आता आपल्या घरात येऊ. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी नरोरा आहे. तिथली २२० मेगावॉटची पहिली भट्टी मार्च १९८९ मध्ये प्रथम चेतली. ३१ मार्च १९९३ ला पहाटे साडेतीनच्या सुमारास तिच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या त्या अवजड दांड्याचा तोल गेला, हादऱ्यांनी जनरेटरची सीले फुटली, आत थंडाव्यासाठी भरलेला हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. पाठोपाठ वंगणाच्या तेलाने पेट घेतला. आग केबलींच्या वाटेने पुढे सरकली. मुख्य केबली आणि त्यांना पर्याय म्हणून टाकलेल्या केबली जवळजवळच होत्या, मध्ये आग अडवणारी भिंत नव्हती. काही मिनिटांत डिझेल जनरेटर आणि बॅटऱ्यांसकट सगळी वीज गेली. पुढचे सुमारे सतरा तास केंद्र पूर्ण अंधारात होते.

भट्टी मात्र पहिल्याच मिनिटात बंद केली गेली होती, कंट्रोल रूममधल्या माणसाने हाताने. थोड्याच वेळात तिथे वायुवीजनातून इतका धूर शिरला की सगळ्यांना बाहेर पडावे लागले. पर्यायी कंट्रोल रूम होती, पण तिथेही वीज नव्हती. आत काय चालले आहे हे सांगणारा एकही काटा उरला नाही. भट्टी थंड होत गेली की ती पुन्हा चेतण्याचा धोका असतो, आणि खात्री करायला साधन नव्हते. तेव्हा काही कर्मचारी टॉर्च हातात घेऊन अंधारात, धुरात, भट्टीच्या इमारतीत वरपर्यंत चढले आणि बोरॉनचे द्रावण गाभ्यात सोडणारे व्हॉल्व्ह त्यांनी हाताने उघडले. विजेची गरज न लागता, निव्वळ गुरुत्वाकर्षणाने ते द्रावण खाली उतरले. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो, भट्टी पुन्हा चेतायची भीती टळली. उरली ती मागे सांगितलेली उष्णता. त्यासाठी आग विझवायचे पंप कामाला लावले, ते डिझेलवर चालणारे होते. त्यांचे पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडले, आणि भट्टीतले जड पाणी पंपाविना, तापून वर चढणे आणि निवून खाली येणे या नैसर्गिक फेऱ्याने फिरत राहिले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, कोणी मेले नाही.

त्या रात्रीच्या पाळीतल्या माणसांची नावे आपल्या शालेय पुस्तकांत नाहीत. असायला हवीत असे मला मनापासून वाटते.

पण ही वेळ त्यांच्यावर यायलाच नको होती. केबली जवळजवळ टाकल्या तर काय होते ते २२ मार्च १९७५ ला अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्राने दाखवले होते. हवा कुठून गळते ते पाहायला एका कामगाराने मेणबत्ती धरली, भिंतीच्या भोकातला फोम पेटला आणि आग सुमारे सात तास चालून १६०० हून अधिक केबली जळाल्या. नरोराचे बांधकाम त्यानंतर, १९७६ च्या अखेरीस सुरू झाले. टर्बाइनचे पाते तुटून हायड्रोजनची आग लागल्यावर काय होते ते १९ ऑक्टोबर १९८९ ला स्पेनमधल्या वान्देयोस केंद्रात दिसले होते. ती भट्टी पुन्हा कधी चालू झाली नाही. आणि पात्यांबद्दल तर नेमका इशाराच आला होता. जनरल इलेक्ट्रिकच्या संरचनेवर बेतलेली टर्बाइने भेल ही सरकारी कंपनी बनवत असे, नरोरातलीही तिचीच होती. ती पाती तुटू शकतात, ती बदलावीत, असे मूळ कंपनीने भेलला कळवले होते. अपघातापूर्वी पाती बदलली गेली नाहीत. हे पुढे लोकांसमोर मांडले डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी. अपघातानंतर काही महिन्यांत ते अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले होते. ओहायो ते पेनसिल्व्हेनिया या वाटेवर डन यांचे पत्र जसे अडले, तसे हेही पत्र आपल्याकडे अडले.

गोपालकृष्णन यांचा कार्यकाळ १९९६ पर्यंतचा. मुंबईत, अणुशक्तीनगरात मंडळाचे कार्यालय आहे. तिथे त्यांच्या देखरेखीखाली १९९५ मध्ये देशातल्या अणुकेंद्रांच्या सुरक्षेचा आढावा तयार झाला. त्यात सुमारे १३० मुद्दे होते, त्यांपैकी ९५ च्या आसपास तातडीचे. तो अणुऊर्जा आयोगाकडे गेला आणि गोपनीय ठरला. लोकांना तो पाहायला मिळावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि मुंबई सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचे कलम १८ सरकारच्या बाजूने उभे राहिले. या कलमाने सरकारला माहिती रोखण्याचे व्यापक अधिकार दिले होते. याचिका फेटाळली गेली, आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. शत्रूला कळू नये अशा गोष्टी असतात, हे मला समजते. वीज केंद्रातली केबल कुठून गेली आहे आणि पात्याला चीर पडली आहे का, या त्यांतल्या गोष्टी नव्हेत.

त्याच वर्षी, २६ डिसेंबरला, समुद्राने इशारा दिला. त्सुनामीचे पाणी चेन्नईजवळच्या कल्पक्कम केंद्राच्या पंपघरात शिरले, पंप थांबले, चालू असलेली भट्टी सुखरूप बंद झाली. त्याच्या पाच वर्षे आधी फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या ब्लाये केंद्रात वादळी पुराचे पाणी असेच शिरले होते. अणुकेंद्राला पाण्याच्या काठी राहावे लागते आणि ते पाणी कधीतरी आत येणार, हे २००४ पर्यंत सगळ्यांना माहीत होते. जपानमध्ये फुकुशिमा केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीलाही. २००८ मध्ये कंपनीच्याच हिशेबात लाट १५.७ मीटरपर्यंत चढू शकते असे निघाले होते. केंद्राची तयारी ५.७ मीटरची होती. आकडा मागे पडला. नियामकाकडे तो पोहोचला ७ मार्च २०११ ला. चार दिवसांनी लाट आली, तळघरातली डिझेल जनरेटर बुडाली, तीन भट्ट्यांचे गाभे वितळले आणि दीड लाखाहून अधिक माणसे घराबाहेर पडली.

त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ, ओनागावा केंद्र आहे. ते तोहोकू इलेक्ट्रिक या कंपनीचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याची आखणी होत असताना यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्याने हट्ट धरला, की जमीन समुद्रसपाटीपासून जवळपास १५ मीटर उंच हवी. इसवी सन ८६९ मधल्या जोगान त्सुनामीच्या नोंदी त्यांनी मनावर घेतल्या होत्या. सहकाऱ्यांना हा खर्च अवाजवी वाटला, पण ते मागे हटले नाहीत. १९८६ मध्ये ते वारले. २०११ ची लाट ओनागावात सुमारे १३ मीटर चढली, भट्ट्या सुखरूप थंड झाल्या, आणि ज्यांची घरे वाहून गेली असे शेकडो गावकरी आसऱ्याला त्याच अणुकेंद्राच्या आवारात जाऊन राहिले.

लाट आल्यानंतर सव्वा महिन्याने, १८ एप्रिल २०११ ला, रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर प्रकल्पाविरुद्ध नाटे गावात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक जण मारला गेला. माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या उभ्या करायचे घाटत होते. त्या दिवसांत कोकणातल्या मच्छीमारांना अडाणी, अफवांना बळी पडणारे म्हणणारे लेख मराठीत निघाले. मला ते तेव्हाही पटले नाहीत. कोळशाच्या धुराने दरवर्षी मरणाऱ्यांशी तुलना केली तर अणुविजेचा हिशेब फार उजवा आहे, आणि मी अणुविजेच्या विरोधात नाही. पण ज्यांच्या दारात भट्टी येणार त्यांनी, काही बिनसले तर आम्हाला कोण आणि केव्हा सांगणार, हे विचारणे हा अडाणीपणा नव्हे. डन यांनी, क्रेसवेल यांनी, गोपालकृष्णन यांनी तोच प्रश्न आतून विचारला होता.

फुकुशिमानंतर अणुऊर्जा महामंडळाने आपल्या केंद्रांच्या तपासणीसाठी कृतिगट नेमले आणि त्यांचे अहवाल काही महिन्यांत सर्वांना वाचायला खुले केले. १९९५ च्या मानाने ही मोठीच मजल होती. २०१२ मध्ये राजस्थानच्या केंद्रात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे पथक तपासणीला बोलावले गेले. नियामक मंडळ मात्र ज्या आयोगाच्या केंद्रांवर त्याने नजर ठेवायची त्याच आयोगाच्या छायेत होते. त्याला स्वतःचा कायदा आणि स्वतःचे पाय देण्यासाठी सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत विधेयक मांडले गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या दुबळेपणावर सविस्तर अहवाल दिला आणि हीच गोष्ट बजावून सांगितली. विधेयक समितीकडे गेले, परत आले, चर्चेला घेतले गेले नाही, आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्द झाले.